बर्फाच्या कारखान्यातलं इंजिन

ता. ६ जानेवारी

प्रिय अहो,
शि. सा. न. वि. वि. हे एवढं पाकिटाच्या मानासाठी. खाली नेहमीसारखं तू.

पत्रास कारण की, तुमच्या घरातला ट्रॅक्टर मोडून दोन झालाय. घाबरू नकोस, अपघात नाही, बाबांनी ठरवून केलंय. काल मी गणवेशांचं गाठोडं शाळेत पोचवून आले तर शेडचं दार सताड उघडं. आत पुढची चाकं एका भिंतीशी, मागची चाकं दुसऱ्या भिंतीशी, आणि मधे बाबा स्टुलावर बसून चहा पीत होते. दोन भांडकुदळ पोरांना लांब लांब बसवून मास्तर मधे बसावा तसे. मी विचारलं, हे काय. म्हणाले, काही नाही, उघडलाय. डबा उघडावा तसं.

मग एक टेम्पो आला. त्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात जनरेटर होता ना, त्याचं इंजिन त्यात. आपलं तीन सिलिंडरचं, हे चार. आपल्यापेक्षा हातभर लांब, आणि वजनाला असं की उतरवताना टेम्पोने सुटकेचा निःश्वास टाकला. आता हे आपल्या ट्रॅक्टरच्या पोटात बसवायचं म्हणे. मी म्हटलं, बाबा, आपलं जुनं अजून चालतंय की. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. बाबांचं कमी ऐकू येणं हल्ली फार सोयीचं झालंय.

खरं तर जुनं रडतच चालत होतं. खालच्या शेतात माती चिकट, दोन फाळांचा नांगर लावला की हे धापा टाकणार. सकाळी बाबा चालवतात, जेवणानंतर त्यांची कंबर धरते, मग दुपारभर मी. माझी शिवणाची कामं दिवा लावल्यावर. पण म्हणून या वयात कुणी इंजिन बदलतं का? हौसेला मोल नसतं हे ऐकलं होतं, पण हौसेला वयही नसतं हे या घरात कळलं.

तू या विषयातला माणूस, तर काहीतरी शहाणपणाचं कळव. आणि येतोस कधी तेही कळव. पेरणीआधी येतो म्हणाला होतास, त्यानंतर एक पेरणी होऊन गेली.

आहे तेवढा लोभ पुरवून वापरतेय. वाढवायचा असेल तर समोर येऊन वाढव.

तुझी,
मी


ता. २५ जानेवारी

प्रिय सौ.,
अ. आ. मी वयाने मोठा आहे याची आठवण राहावी म्हणून.

पत्र वाचून मी जहाजाच्या इंजिनरूममधे एकटाच हसत होतो, तर आमचा तेलवाला येऊन विचारून गेला की बरं आहे ना. त्याला सांगितलं की माझे वडील ट्रॅक्टर उसवून बसलेत.

आता उंटावरून शेळ्या हाकतो, ऐक, आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखव. ट्रकला खाली चासी असते, लोखंडी सांगाडा, इंजिन तिच्यावर नुसतं बसलेलं असतं. आपल्या ट्रॅक्टरला चासी नाही. पुढचा भाग आणि मागचा भाग यांना धरून ठेवणारं इंजिनच. जनरेटरचं इंजिन जन्मभर सिमेंटच्या ओट्यावर बसलेलं, त्याच्या खालचं तेलाचं चेंबर पातळ पत्र्याचं. कुणाला धरून ठेवायची त्याला सवय नाही. तसंच जोडलंत तर पहिल्या खड्ड्यात ट्रॅक्टरची कंबर मोडेल. म्हणून गिअरबॉक्सपासून पुढच्या ॲक्सलपर्यंत दोन्ही बाजूंनी जाड लोखंडी चॅनेल टाका. आणि त्याचा वेग आवरणारा गव्हर्नर एकाच वेगाला बांधलेला असेल, त्याची स्प्रिंग बदला.

दुसरं. इंजिनाचं तोंड आणि गिअरबॉक्सचं तोंड एकमेकांना जुळणार नाही. मधे पोलादी प्लेट लागेल, इकडची भोकं इकडे, तिकडची तिकडे. तेवढी जाड प्लेट तिकडे कोण कापणार? तू दोन्ही तोंडांचा कागदावर खाका काढून पाठव. तुझ्या कात्रीवर माझा डोळे झाकून विश्वास आहे. मी इथे कापून पाठवतो. निदान माझ्या हातचं काहीतरी घरी पोचेल.

आता माझी बातमी. आमचं ड्रेजर तुला माहीत आहे, बंदराच्या तोंडाशी उभं राहून गाळ उपसतं. आज उपसला की उद्या समुद्र तो परत आणून ठेवतो. सुटीसाठी बदली माणूस यायचा होता, तो आलाच नाही. पण किनाऱ्यावरच्या वर्कशॉपमधली जागा मला देतायत. दोन वर्षांचा करार. जहाजावर बायकोला आणता येत नाही, या जागेला मात्र दोन खोल्या मिळतात. मी जाऊन बघून आलो. पुढच्या खोलीला मोठी खिडकी आहे, खाली दोरखंडवाल्याचं दुकान, आणि रस्ता उतरून गेलं की पाणी. खिडकीखाली शिवणयंत्र बरोबर बसेल.

येशील का? एवढंच विचारायला चार दिवस पत्र लांबवलं, मधे इंजिन घातलं.

तुझा लोभ इथे कमी पडतोय, बाकी सगळं मुबलक आहे.

तुझाच


ता. १० फेब्रुवारी

प्रिय अहो,
शि. सा. न. वि. वि.

सोबत दोन खाके आहेत. तपकिरी कागद गिअरबॉक्सच्या तोंडावर ताणून धरला, बाबांनी कडेकडेने बोटाने काजळी फिरवली, मी खडूने भोकांच्या खुणा केल्या. मग टेबलावर घेऊन कोटाचा खाका कापते तसा नीट कापला. वर 'सुलट' लिहिलंय, ते इंजिनाकडे. घडी मोडताना सांभाळ, एका कोपऱ्याला काजळीचा अंगठा आहे, तो बाबांचा.

चॅनेलचं काम लेथवाल्याकडे दिलंय. त्याला सगळा गाव मिलिमीटर म्हणतो, कारण तो दुसऱ्या कुठल्या मापात बोलत नाही. मी त्याला हातभर म्हटलं तर त्याने मला कुणाचा हात असं विचारलं.

आता तुझा प्रश्न. तुझं पत्र मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, तुझाच हुकूम होता. खोल्यांपाशी आले आणि ते भरभर वाचून टाकलं.

कशी येऊ, तूच सांग. मला यायचंय की नाही हा प्रश्नच नाही, तो मला विचारूसुद्धा नकोस, मी शिवता शिवता सुई थांबवून बसते आणि समोरच्या बाईला वाटतं मी तिच्या मापाचा विचार करतेय. पण अर्धा दिवस ते आणि अर्धा दिवस मी असं मिळून इथला एक दिवस होतो. मी गेले तर त्यांच्याकडे अर्धाच उरतो. जमीन कुणाला कसायला द्यायची गोष्ट काढली की ते कानाला हात लावतात, ऐकू येत नाही म्हणून नव्हे. आणि बाबांना तिकडे आणायचं म्हणशील, तर तुझ्या दोन खोल्यांत ट्रॅक्टर कुठे ठेवायचा?

खिडकी कुठल्या दिशेला आहे ते मात्र कळव. नुसतं माहीत असावं म्हणून.

लोभ असू दे, त्याचं काय करायचं ते नंतर बघू.

तुझी,
मी


ता. १२ फेब्रुवारी

चि. यास,
अ. उ. आ.

हे पत्र मी वेगळं टाकतोय, तिच्या पाकिटात नाही. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

तुझं पत्र तिने वाचून दाखवलं. इंजिनाचं सावकाश वाचलं आणि खोल्यांचं घाईत. उलट व्हायला हवं होतं. मी बहिरा असेन, पण इतका नाही.

हे इंजिन मी हौसेने आणलेलं नाही. याला तीन फाळांचा नांगर ओढता येईल. काम अर्ध्या वेळात होईल. जेवणाआधी माझं मी उरकीन, दुपारी माझी कंबर झोपेल तेव्हा ट्रॅक्टरही झोपेल. मग तिने इथे अडकून पडायचं कारण राहत नाही. इंजिन आणलं तेव्हा तुझ्या खोल्या नव्हत्या, पण कधीतरी होणार हे धरूनच आणलं.

लग्न होऊन आली तशी ती या मातीत दुपार घालवते आणि रात्री डोळे फोडते. तू तिकडे, ती इकडे, आणि मधे मी. मला मधे बसायचा कंटाळा आला आहे.

तिला इतक्यात काही बोलू नकोस, कात्री घेऊन आडवी येईल. तू जागा घे. प्लेट लवकर पाठव.

बाकी आशीर्वाद, ते आहेतच.

बाबा


ता. ३ मार्च

प्रिय सौ.,
अ. आ.

प्लेट रवाना केली. पार्सलवाल्याने उचलली आणि माझ्याकडे असं बघितलं की यात काय माणूस पाठवतोयस. म्हटलं, पाठवता आला असता तर.

तुझा खाका मी पोलादावर ठेवला, खडूने कड ओढली आणि गॅसने कापली. दोन रात्रपाळ्या करून घासून गुळगुळीत केली. वर्कशॉपचे लोक विचारत होते की हा कागद कुठल्या ड्रॉईंग ऑफिसातून आला. मी म्हटलं, घरून. खाका परत पाठवत नाही, रागावू नकोस. त्याला तुझ्या टेबलाचा वास आहे, खडूचा आणि नव्या कापडाचा.

मी जागा घेतली. आधी तुला विचारायला हवं होतं, पण ते थांबायला तयार नव्हते. किल्ली मिळालीय. पहिल्या दिवशी खोलीत गेलो आणि उगाच खोकलो, तर भिंतींनी खोकून दाखवलं. खिडकी पूर्वेला आहे. सकाळचं ऊन जमिनीवर एका चौकोनात येतं आणि हळूहळू मागच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत जातं. मी चहा घेऊन त्याच्यामागे सरकतो. स्वयंपाकाचा ओटा माझ्या उंचीचा आहे, तुला उंच पडेल, त्यापुढे एक फळी टाकून ठेवलीय. यंत्राची उंची किती ते मोजून कळव. मिलिमीटरमधे सांगितलंस तर तुमच्या लेथवाल्याला बरं वाटेल.

घाई करत नाही. एवढंच म्हणतो की बाबांना एकट्याला जमणारच नाही असं धरून चालू नकोस. मोठं इंजिन म्हणजे काय हे अजून तू पाहिलेलं नाहीस. याहून जास्त मला विचारू नकोस, मला पोटात ठेवता येत नाही हे तुला माहीत आहे.

इकडचा लोभ खिडकीशी बसून आहे.

तुझाच


ता. २२ मार्च

प्रिय अहो,
शि. सा. न. वि. वि., आणि त्याबरोबर एक कबुली.

प्लेट आली. दोघा हमालांनी आणली. बाबांनी पुसली, उजेडात धरली, तुझ्या घासण्यावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. तुझं कौतुक ते याच्यापलीकडे करत नाहीत, तेव्हा ही मान जपून ठेव. मग गिअरबॉक्सच्या तोंडाला लावली. भोकं अशी जुळली की बोल्ट आपल्या पायाने आत गेले. पण बाहेरून कड सगळीकडे बोटभर पुढे, आणि मधलं मोठं भोक, ज्यातून क्लच जायचा, ते सगळीकडून बोटभर लहान. क्लच बाहेरच उभा, दार बंद असलेल्या पाहुण्यासारखा.

बाबा म्हणाले, पोराने चूक केली. मी तुझा राग करणार होते, तेवढ्यात बोटभराचं ते माप मला ओळखीचं वाटलं. तू चूक केली नाहीस. खाका कापताना माझ्या हाताने शिवणीसाठी बोटभर जागा सोडली. बाहेरून जास्त, आणि गळा आतून लहान. इतकी वर्षं कापड कापतेय, कात्री आपोआप तशी जाते. गळा कधीही पहिल्यांदा लहानच कापायचा, अंगावर चढवून मग उघडायचा, मोठा झाला की कापड गेलं. पोलादाला कुणी शिवणीसाठी जागा सोडत नाही हे माझ्या डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं. पण तूही कमाल आहेस. इतकी इंजिनं हाताळलीस, त्या भोकातून क्लच जाणार नाही हे तुला दिसलं नाही? डोळे झाकून विश्वास म्हणालास ते खरंच झाकलेस.

बाबांना सांगितलं तर ते स्टुलावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलेलं नव्हतं. मग प्लेट मिलिमीटरकडे नेली. तो म्हणाला, लहान आहे ते बरंच झालं, क्लच समोर ठेवून हवं तेवढं उघडतो. म्हणजे मी सांगते तेच.

एक विचित्र. बाबा हल्ली मला स्वयंपाकाचं विचारतात. भाताला पाणी किती, मीठ आधी की नंतर. परवा शर्टाचं बटण स्वतः लावून बघत होते, सुईत दोरा ओवेना म्हणून सुईला शिव्या देत होते. मी म्हटलं, मी आहे ना. तर म्हणाले, आहेस म्हणूनच विचारतोय.

तुला काही माहीत असेल तर आता ओक.

लोभाला शिवणीपुरती जागा सोडून,

तुझी,
मी


ता. १२ एप्रिल

प्रिय अहो,
शि. सा. न. वि. वि.

ट्रॅक्टर एक झाला.

चॅनेल बसवले, इंजिन त्यात बसलं, आणि मग मागचं धूड पुढच्या धुडाकडे ढकलायचं होतं. गिअरबॉक्सचा दातेरी दांडा क्लचच्या भोकात सरळ गेला पाहिजे, हे तुला सांगायला नको. बाबा खाली आडवे पडून एका डोळ्याने बघत होते, मी मागून चाक रेटत होते. जरा डावीकडे, जरा परत, जरा उचल. सकाळ गेली. शेवटी मी म्हटलं, तुम्ही बाजूला व्हा, हे नाडी ओवण्यासारखं आहे, बघून होत नाही. मी इंजिन पान्याने हळूहळू फिरवत राहिले आणि बाबांना मागून फक्त रेटा द्यायला सांगितलं. एका क्षणी दांडा गपकन आत गेला. दोन्ही लोखंडं एकमेकांना टेकल्याचा आवाज मोठा नसतो. दार लागल्यासारखा असतो.

चालू केलं तर शेडमधले पक्षी उडाले. गव्हर्नरची स्प्रिंग बदलूनसुद्धा पहिल्यांदा ते थेट पूर्ण जोरावर गेलं. बर्फाच्या कारखान्यात त्याला एकच वेग माहीत होता, हळू म्हणजे काय ते शिकवायला दोन दिवस लागले. बॉनेट पुरत नाही, दोन विती इंजिन उघडंच आहे. लहान पोराने बापाचे बूट घालावेत त्याच्या उलट, बापाने पोराचा सदरा घातलाय.

आणि मला कळलं. तू ओकायच्या आधीच. शेडच्या मागे एक लाकडी खोकं सापडलं, नवंकोरं. विचारलं तर म्हणाले बियाण्याला. बियाण्याच्या खोक्याला आतून कुणी जुनी रजई ठोकतं का? मी माझं यंत्र मनातल्या मनात त्यात ठेवून बघितलं, बरोबर बसलं. मग मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि उठले नाही. शेवटी त्यांनी सगळं सांगितलं, जमिनीकडे बघत, जणू काही चोरून खाल्लंय.

मी भांडले. खूप भांडले. मला न विचारता दोघांनी मला वाटून घेतलंत म्हणून तुलाही चार शब्द ठेवलेत, ते भेटल्यावर. पण भांडून झाल्यावर घरात आले आणि टेप घेऊन यंत्राची उंची मोजली. सोबत चिठ्ठीवर लिहिलीय, मिलिमीटरमधे.

इतके दिवस मी स्वतःला हा विचार पुढे नेऊ देत नव्हते. आता नेते. सकाळी चहा करताना तुझा तो उन्हाचा चौकोन कुठपर्यंत गेला असेल बघते. नवी गणवेशांची ऑर्डर आली, ती मी घेतली नाही. लाज वाटते, पण आनंद झालाय.

लोभ आता बांधाबांध करतोय.

तुझी,
मी


ता. २५ एप्रिल

चि. यास,
अ. उ. आ.

थोडक्यात लिहितो. उजवा खांदा दुखतोय.

इंजिन उत्तम. खालचं शेत लोण्यासारखं कापतं. तीन फाळ, एकदाही धाप नाही. पण पुढे वजन आलं. हातभर लांब इंजिन, वर तुझे चॅनेल, सगळा भार पुढच्या चाकांवर. सरळ जाताना कळत नाही. बांधाशी वळायचं आलं तर स्टिअरिंग माझ्याने फिरेना. दोन्ही हातांनी लोंबकळलो. वळलं नाही. शेजाऱ्याच्या कुंपणातून आरपार गेलो आणि त्याच्या गवताच्या गंजीत थांबलो. शेजारी म्हणाला, बोलावलं असतं तर मीच आलो असतो.

मग ती आली, वर चढली, उभी राहून कमरेतून जोर लावला आणि वळवून बाहेर काढला. एका झटक्यात.

नाकापेक्षा मोती जड झाला. तिला मोकळं करायला आणलं आणि आता तिच्याशिवाय ते वळत नाही. जुनं इंजिन परत टाकतो म्हणालो तर तिने पाने लपवले आहेत.

ती काही बोलत नाही. तू लिही.

बाबा


ता. ११ मे

प्रिय सौ.,
अ. आ.

बाबांचं पत्र आलं. तुझं आलं नाही, त्यावरून जे समजायचं ते समजलो.

चूक माझी आहे. चॅनेल टाका म्हणून मी सांगितलं, पुढे वजन वाढणार हे कुठल्याही शिकाऊ पोराला कळतं, आणि बाबांचे खांदे मला माहीत आहेत. पण कागदावर हिशेब करताना मी चालवणारा म्हणून कायम स्वतःलाच धरलं होतं. मी तिथे नाही हे माझ्या लक्षातच येत नाही, बघ.

उपाय आहे. इथे भंगारात तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग पडलंय, त्याचा पंप दुरुस्त करता येईल. ते लावलं की एका बोटाने फिरेल. पण ते पार्सलने पाठवून चालणार नाही, मला येऊनच बसवावं लागेल, आणि करारात पहिलं वर्ष सुटी नाही. करार मोडून येऊ का? तू ये म्हण, मी उद्या निघतो. खरंच निघतो. मग परत गाळ उपसायला तरी घेतील की नाही माहीत नाही, पण ते नंतरचं.

तुझ्या यंत्रासाठी फळी कापून ठेवली होती, तू पाठवलेल्या उंचीची. ती उभी करून ठेवलीय भिंतीला. दोन खोल्यांपैकी मी एकच वापरतो. पुढच्या खोलीत जेवलो की उगाच पाहुण्याच्या घरी जेवल्यासारखं होतं. खालचा दोरखंडवाला रोज विचारतो, मंडळी कधी येणार. आधी सांगायचो पुढच्या महिन्यात. आता मी मागच्या जिन्याने जातो.

तू काहीही ठरव. फक्त गप्प राहू नकोस. तुझ्या बोलण्याची मला इतकी सवय आहे की पत्र आलं नाही तर कान दुखतात.

लोभ कुठे ठेवायचा ते कळव.

तुझाच


ता. २ जून

प्रिय अहो,
शि. सा. न. वि. वि.

गप्प नव्हते, नांगरत होते.

तुझं पत्र शेताच्या बांधावर वाचलं. करार मोडून येऊ का असं विचारलंयस. ये म्हणायला माझं तोंड इतकं आतुर झालं होतं की मी उठून पुन्हा ट्रॅक्टर चालू केला. त्याच्या आवाजात स्वतःचं ऐकू येत नाही, हा त्याचा एक फायदा. नको मोडूस. एक माणूस नेहमी दुसऱ्यासाठी काहीतरी सोडणार आणि मग तो दुसरा त्याच्याकडे बघून अपराधी होणार, हे आपल्या घरात मी आधीच करून दाखवलंय. बाबा अजून माझ्याशी बोलताना माझ्या चपलांकडे बघतात.

आता इकडचं ऐक. सगळं शेत मी नांगरलं, पावसाआधीची धूळपेरणीही उरकली. दरवर्षी याला पेरणीचा अख्खा हंगाम लागायचा, आम्ही दोघं लागायचो. यंदा मी एकटीने, जेवणाआधी. वळवायला अंग लागतं, पण जमतं, दंड बघशील तर ओळखणार नाहीस. बाबा बांधावर उभे राहून हात हलवत सूचना देतात, मला त्या ऐकू येत नाहीत. आता आमची फिट्टंफाट झाली.

आणि दुपारी घरी येते तर दुपार रिकामी. हे कुणाच्याच हिशेबात नव्हतं. लग्न झाल्यापासून मला रिकामी दुपार माहीत नाही. आधी दुपारी नांगरताना तुझी आठवण यायला फुरसत नसायची, ती बिचारी रात्रीपर्यंत थांबायची. आता जेवण झालं की समोर येऊन बसते. इंजिनाने मला अर्धा दिवस दिला, आणि त्या अर्ध्या दिवसात तू नाहीस. पहिला आठवडा मी कपाटं आवरली. दुसरा आठवडा आवरलेली कपाटं आवरली.

मग सुचलं. बाबांनी दुपारी मोजल्या, तू वर्षं मोजलीस, मी नुसती हो किंवा नाही एवढंच धरून बसले होते. पेरणी झाली की कापणीपर्यंत ट्रॅक्टर शेडमधे उभा असतो. दरवर्षी ही मधली जागा एवढीशी असायची, पेरणीच लांबायची म्हणून. यंदा ती मोठी झालीय. त्यात मी येऊ शकते. कायमची नाही. कापणीला परत यावं लागेल, त्या धुडाला दुसरं कुणी वळवणारं नाही, आणि उताराच्या शेतात बाबांना एकटं सोडायचं माझ्याने होणार नाही, तुझं एका बोटाचं स्टिअरिंग लावलंस तरी.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, कापणीला मी मजूर लावीन, तू राहा तिकडेच. मी म्हटलं, मजूर गंजीत गेला तर? मग हसले आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. शेजारी रोज येऊन बसणार आहे, त्याला कुंपणाच्या बदल्यात गप्पा हव्यात. बाबांचा भात आता खाण्यासारखा होतो, फक्त दोन माणसांपुरता करता येत नाही, दहाजणांचा होतो.

यंत्र आणत नाही. ती फळी भिंतीलाच राहू दे. या खेपेला मला शिवायचं नाही, खिडकीत नुसतं बसायचं आहे, आणि तुझ्या त्या चौकोनामागे सरकायचं आहे. दोरखंडवाल्याला सांग मंडळी येतायत, आणि पुढच्या जिन्याने जात जा.

सोळा तारखेची गाडी आहे. परतीचं तिकीटही मी आत्ताच काढलंय. काढताना खिडकीतल्या माणसाने विचारलं, जायच्या आधीच परतीचं? मी म्हटलं, हो, नाहीतर काढवणार नाही. ते पिशवीच्या आतल्या कप्प्यात असेल. पिशवी उचलताना तुला दिसेल. दिसलं नाही असं कर. मीही तसंच करणार आहे.

बाकी लोभ सोबत आणतेय, लिहून पाठवायला आता उरला नाही.

तुझी,
मी